पातेऱ्याला यंत्र का मिळालं नाही?

कोकणातली शेतीची अवजारं आणि त्यांमागचे श्रम, असा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. तो सांगितला की बहुतेक लोक नांगराबद्दल विचारतात. नांगर आहेच, कोयती आहे, गुटे-जोखडं आहेत. पण आज मला अशा एका कामाबद्दल लिहायचंय, ज्याला दीडशे वर्षांत धड अवजारच मिळालं नाही. ते काम म्हणजे पातेरा गोळा करणं.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी आधी शब्द सांगते. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला, घाटावर ज्याला पालापाचोळा म्हणतात तो. रत्नागिरीकडे थंडी सरता सरता ऐन, किंजळ, साग यांची पानं गळायला लागतात. फणस, आंबा, काजू सदाहरित असले तरी त्यांच्याखालीही थर साचतोच. शिमग्यापर्यंत रानात पाय ठेवला की चरचर आवाज येतो. तो सगळा पातेरा कुणीतरी झाडून, ढीग करून, हाऱ्यात दाबून भरून, डोक्यावरून घरी किंवा शेतावर आणायचा. हे 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई.

हा प्रश्न मला पडला तो एका भलत्याच यंत्रामुळे. अमेरिकेत पानं ओढून घेणारं यंत्र लोक घरच्या घरी बनवतात. गवत कापायच्या गाडीला ते जोडतात आणि मागे डबा ओढत फिरतात. आपण ज्याला जुगाड म्हणतो तोच प्रकार. मग वाटलं, ज्या प्रदेशात पानाची गरज कितीतरी जास्त होती तिथे असं काही का झालं नाही? 'आपण मागास' हे उत्तर मला पटत नाही. खरं उत्तर शोधायला थोडा इतिहास बघावा लागतो.

आधी ते यंत्र समजून घेऊ

गवत कापायचं यंत्र मुळात इंग्लंडचं. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड भागात एडविन बडिंग यांनी ते बनवलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव सारखी कापणारं यंत्र असायचं, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. पुढे त्याला इंजिन बसलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर घरं वाढली तशी माणूस वर बसून चालवतो अशी 'रायडिंग मोअर' घरोघरी आली. एक छोटा ट्रॅक्टरच म्हणा, फक्त पोटाखाली फिरणारी पाती.

तिकडे शरद ऋतूत काही आठवड्यांत सगळी पानं एकदम गळतात. हिरवळीवर ती ओली होऊन बसली तर खालचं गवत गुदमरून मरतं. म्हणून पानं उचलावी लागतात. पूर्वी लोक दाताळ्याने ओढून ढीग करायचे आणि जाळून टाकायचे. १९७० च्या आसपास हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक झाले, बऱ्याच शहरांनी उघड्यावर पानं जाळायला बंदी केली. मग पानं भरून ठेवणं आलं, आणि भरायचं म्हटलं की यंत्राची आठवण झाली.

घरगुती यंत्राची रचना साधी आहे. कापणाऱ्या पात्यांच्या झाकणाला उजव्या बाजूला एक तोंड असतं, तिथून कापलेलं गवत बाहेर फेकलं जातं. त्या तोंडाला सहा ते आठ इंच व्यासाचा जाड नळा जोडायचा. नळ्याच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या गोल घरात फिरणारा पंखा. त्याला वेगळं पाच-सहा अश्वशक्तीचं इंजिन. पंखा पानं ओढतो, चुरडतो आणि मागच्या प्लायवूडच्या डब्यात फेकतो.

यात खरी गोम डब्यात असते. पानाबरोबर भरपूर हवाही आत येते, तिला बाहेर जायला वाट दिली नाही तर डबा फुग्यासारखा होतो आणि ओढ बंद पडते. म्हणून डब्याच्या वरच्या भागाला जाळी लावतात. नळ्यात हवा जोरात असते, मोठ्या डब्यात शिरल्यावर तिचा वेग एकदम कमी होतो, त्यामुळे पानं खाली बसतात आणि हवा जाळीतून निघून जाते. चुरडल्यामुळे पानं फार कमी जागेत मावतात.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पातेरा गोळा करताना वजनापेक्षा त्याचा फुगवटा जास्त नडतो. हारा भरलेला दिसतो, पण आत बहुतेक हवाच असते. म्हणून बाया हाऱ्यात पाय देऊन पातेरा दाबतात, वर पुन्हा रचतात, मग दोरीने आवळतात. यंत्र जे पंख्याने करतं ते इथे टाचेने व्हायचं.

पातेरा जायचा कुठे

आता रत्नागिरीत येऊ. इथे पातेऱ्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे भाताचा तरवा. लावणीसाठी रोपं तयार करायचा जो तुकडा असतो, तो उन्हाळ्यात भाजायचा. याला कुणी राब म्हणतं, कुणी भाजावळ, कुणी दाढ भाजणं. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांची तोडलेली कवळं, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर, म्हणजे वाऱ्याने राख उडत नाही आणि आग भडकत नाही. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग हळूहळू सरकत जाते आणि माती नीट भाजते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तिथे बी पेरायचं.

दुसरा उपयोग गोठ्यात. पावसाळ्यात गुरांखाली सुका पातेरा पसरायचा. तो शेण-मूत पिऊन भिजला की उकिरड्यावर, आणि वर्षाने शेतात. यासाठी पातेरा पावसाआधी आणून मांगरात कोरडा साठवायला लागायचा. तिसरा उपयोग आच्छादनाचा, म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती ओल टिकवायला.

थोडक्यात, डोंगरावरचा कस खाचरात आणायचं साधन म्हणजे पातेरा. जांभ्या दगडाची जमीन, मुसळधार पाऊस, माती धुऊन जाणारी. भाताची खाचरं दरवर्षी पिकवायची तर कुठून तरी खत आणायला हवंच होतं. म्हणून गावाच्या जमिनीची विभागणीही तशीच होती: खाली भातजमीन आणि वर वरकस. वरकसात नाचणी-वरी व्हायची, मधली काही वर्षं जमीन पडीक राहायची, आणि तिथलं गवत, कवळ, पातेरा खाली यायचा. ही गोष्ट नंतरच्या कायद्यातही उतरली. महाराष्ट्राच्या १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यात 'शेती' या शब्दाच्या व्याख्येत राबखतासाठी जमीन वापरणं हेही धरलंय. नुसतं लाकूड तोडणं मात्र शेतीत मोडत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत पालापाचोळ्याची जमीनही शेतीच.

एक मात्र सांगायला हवं. या व्यवस्थेला गोड करून बघायचं कारण नाही. खाली खाचरात जे येत होतं ते वरून जात होतं. वर्षानुवर्षं कवळ आणि पातेरा काढलेले डोंगर उघडे पडत होते, आणि उघड्या डोंगरावरची माती पावसात वाहून जायची.

वाद झाला तो जाळण्यावर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राबावर जोरदार वाद झाला. १८७८ चा वन कायदा आल्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, जिथे सरकारी जंगल मोठं होतं, तिथे शेतकऱ्याने कवळ तोडायचं की नाही हा रोजच्या भांडणाचा विषय झाला. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखात्याला राब म्हणजे झाडांचा नाश वाटत होता. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की राबाशिवाय तरवा उठत नाही.

मग शेतीखात्याने प्रयोग केले. मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक ई. सी. ओझॅन यांनी लोणावळ्याला राबाची इतर खतांशी तुलना करून बघितली. १८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडचे रसायनतज्ज्ञ भारतात आले. सगळीकडे फिरून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. त्यांनी ओझॅन यांच्या प्रयोगांची दखल घेतली आणि राब म्हणजे अडाणीपणा असा शिक्का मारायचं टाळलं. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. राबाचा फायदा नुसत्या राखेतल्या क्षारांमुळे होतो असं नाही, माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, या दिशेने त्यांचं काम गेलं. शेतकरी 'माती भाजली पाहिजे' म्हणत होता, त्यात तथ्य होतं.

हा सगळा वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते. झाड किती तोडलं, जंगल किती उरलं, रोप किती जोमदार आलं, राखेत काय काय होतं, यावर चर्चेचा भर आहे. पण तो थर रचण्यासाठी पाला रानातून शेतावर आणायला किती खेपा लागल्या, किती दिवस गेले, कुणाची मान दुखली, हा प्रश्न वादाच्या केंद्रात कधी आलाच नाही. सरकारच्या लेखी पातेरा वनोपज होता. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येतही पानं वनोपजात स्पष्टपणे धरली आहेत. शास्त्रज्ञांच्या लेखी तो खत होता. कुणाच्याच लेखी तो काम नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्याची गोष्ट ठाण्यापेक्षा थोडी वेगळी. इथे सरकारी जंगल फारच कमी, बहुतेक रान खाजगी मालकीचं. त्यामुळे पातेऱ्यासाठी वनखात्याच्या गार्डाशी रोजची गाठ नव्हती. इथे प्रश्न खोताचा. खोती गावांत रान कुणाचं, वरकसावर कुळाचा हक्क किती, यावरून तंटे चालत. १८८० चा खोती कायदा, मग १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, या सगळ्या प्रवासात जमिनीची मालकी बदलली. हारा मात्र त्याच डोक्यावर राहिला.

यंत्र जाणणारी माणसं कुठे होती?

कोकणात यंत्राची ओळखच नव्हती, असं कुणी म्हणेल. उलट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांना सर्वांत जास्त कामगार पुरवणारा जिल्हा रत्नागिरी होता. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. गावोगावचे पुरुष साचे चालवत होते, जॉबरचं काम करत होते, गिरणीच्या दुरुस्तीखात्यात होते. वारा खेचून कापसाची धूळ काढणारे पंखे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. म्हणजे पंखा, नळा आणि पेटी ही तिन्ही ज्यांना माहीत होती, ती माणसं याच घरांतली होती.

पण ती होती मुंबईत. शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला ती गावी यायची. शेत, गुरं आणि पातेरा हे गावी राहिलेल्या बायकांचं काम. ज्याच्या हाताला हत्यार होतं त्याच्या डोक्यावर हारा नव्हता, आणि जिच्या डोक्यावर हारा होता तिच्या हातात ना हत्यार होतं ना पैसा.

अमेरिकेतल्या त्या घरगुती यंत्राकडे आता परत बघा. तिथे पानं ओढणारा माणूस आणि गॅरेजमध्ये पाना घेऊन बसलेला माणूस एकच असतो. शनिवारी त्याची कंबर दुखते, रविवारी तो पत्रा कापायला घेतो. त्याच्या दुखण्याला त्याच्याच कौशल्याचा शेजार आहे. आपल्याकडे या दोन गोष्टींमध्ये बोटीचा प्रवास होता.

दुसरं कारण मजुरीचं. नारळ काढायला मजुरी होती, आंबे उतरवायला होती, बेणणीला होती. घरचा पातेरा आणायला मजुरी नव्हती. ज्या कामाला पैसे मोजावे लागत नाहीत, त्या कामाचे पैसे वाचवायला यंत्र कोण विकत घेणार? उतार, गडगे, पायवाटा या अडचणी खऱ्याच आहेत. चाकाचं काहीही रानात न्यायचं म्हणजे त्रास. पण उतारावर पेट्रोलचे फवारणी पंप नेलेच ना बागायतदारांनी! तुडतुडा आणि भुरीमुळे हापूसचा मोहोर जायचा, म्हणजे थेट रुपये जायचे. तिथे पंप, पाइप, इंजिन सगळं डोंगरावर चढलं.

आणि गंमत बघा. पाठीवर अडकवून हवेच्या झोताने औषध उडवायचे जे पंप असतात, त्याच प्रकारच्या यंत्रापासून पानं उडवणारा ब्लोअर निघाला. जपानी कंपन्यांनी १९७० च्या दशकात ही यंत्रं अमेरिकेत नेली. कॅलिफोर्नियातल्या माळ्यांनी ती वापरून रस्ते आणि अंगणं झाडायला सुरुवात केली, आणि कार्मेल-बाय-द-सी या गावाने १९७५ मध्येच आवाजाला वैतागून त्यावर बंदी घातली. म्हणजे फवारणी यंत्राचं भावंड तिकडे पानांच्या कामाला लागलं. इकडे फवारणी यंत्र कलमाखाली उभं होतं आणि शेजारी बाई खराट्याने पातेरा लोटत होती.

पर्याय आले, ते वेगळ्या वाटेने

स्वातंत्र्यानंतर राबाला पर्याय शोधायचे प्रयत्न बरेच झाले. १९५० च्या दशकात जपानी भातशेतीची मोहीम निघाली. न भाजता गादीवाफ्यावर खत घालून रोप करायचं, ओळीत लावायचं आणि ओळींमधून हातकोळपं फिरवायचं. या मोहिमेत तण काढायला नवं अवजार आलं हे बघण्यासारखं आहे. पातेऱ्यासाठी आलं नाही, कारण मोहिमेचा हेतू पातेऱ्याची गरजच कमी करायचा होता.

पुढे दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या संशोधनातून आणि प्रसारातून आलेली मला सर्वांत हुशार वाटणारी गोष्ट म्हणजे गिरिपुष्प. हे झाड बांधावर लावायचं आणि त्याचा कोवळा पाला थेट चिखलात गाडायचा. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीतही गिरिपुष्पाचा पाला हे एक सूत्र आहे. यात काय झालं बघा: पाला आणायचं यंत्र बनवण्याऐवजी पाल्याचं झाडच शेताशेजारी आणलं. खेप वाचली. ज्यांनी ही शिफारस केली त्यांच्या मनात नत्राचं प्रमाण असेल, पण माझ्या दृष्टीने ते श्रम वाचवणारं अवजार आहे. अवजार लोखंडाचंच असायला हवं असं थोडंच आहे?

त्याच काळात युरियाची गोणी गावात पोचली. गोणीची एक खेप म्हणजे पातेऱ्याच्या कितीतरी खेपा. ज्या बाईला दोन्ही उचलाव्या लागतात तिने काय निवडलं असेल, यासाठी शोधनिबंधाची गरज नाही. रासायनिक खताच्या प्रसाराबद्दल लिहिताना आपण उत्पादन, अनुदान, जमिनीचा कस यांबद्दल लिहितो. मानेचं दुखणं हे कारण त्या यादीत घालायला हवं असं माझं मत आहे.

आणि मग पातेरा पडून राहिला

१९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. कोकणात वरकस जमिनींवर, सड्यांवर आंब्या-काजूची कलमं लागली. ज्या रानातून पातेरा खाली जायचा ते रान आता बाग झालं. बागेतल्या पातेऱ्यावर मालकाचा हक्क, पण त्याला तो उचलायची गरज नाही. दुसरीकडे गुरं कमी झाली, गोठे रिकामे झाले, बरीच भातखाचरं पड राहिली, चुलीच्या जागी गॅस आला. पातेऱ्याचे सगळे जुने गिऱ्हाईक एकेक करून निघून गेले.

पातेरा मात्र दरवर्षी तितकाच पडतो. कुणी उचलत नाही म्हणून थर चढतो, वर उभं वाळलेलं गवत. आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवे. कुणाच्या बांधावरची भाजावळ हाताबाहेर जाते, कुणी विडी टाकतो, कुठे विजेच्या तारांची ठिणगी पडते. वाऱ्यावर आग एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते आणि फळाला आलेली कलमं काही तासांत करपतात. काजूचं झाड धरायला काही वर्षं लागतात, हापूसला त्याहून जास्त. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण जळालेल्या बागेला त्याचा काय उपयोग?

हेच पातेऱ्याच्या इतिहासाचं आजचं टोक आहे. दीडशे वर्षं वाद चालला की शेतकरी पाला जाळतो आणि जंगल संपवतो. आता शेतकरी पाला उचलत नाही, म्हणून बाग जळते. फुकट मिळणाऱ्या त्या खेपांमध्ये एक सेवा दडलेली होती. दरवर्षी रानातलं जळण कमी केलं जात होतं. ती मोजली नव्हती, म्हणून थांबली तेव्हा कळलंही नाही.

आज कुणी यंत्र बनवायला घेतलं तर

आता परिस्थिती बदलली आहे. बागेत काम करायला माणूस मिळत नाही, हंगामाला नेपाळहून कामगार येतात. बेणणी कोयत्याने व्हायची तिथे ग्रासकटर आला, त्याला आणि पॉवर टिलरला सरकारी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान मिळतं. काही बागांत ब्लोअरही दिसतो. म्हणजे ज्या कामाला मजुरी नव्हती त्याला आता मजुरी आहे, आणि म्हणून यंत्राचा विचारही आहे.

अमेरिकन पद्धतीचं ओढणारं यंत्र जसंच्या तसं इथे चालेल का? मला शंका आहे, आणि कारणं साधी आहेत. हिरवळीवर दगड नसतात, आपल्या सड्यावर जांभ्याची खडी असते. ती पानाबरोबर नळ्यात शिरली की पंख्याची पाती वाकतात, आणि बाहेर उडालेली खडी माणसाला इजा करते. पंख्यातून माल न नेता आधी एका उभ्या पिंपात हवा गोल फिरवून जड वस्तू आणि पानं खाली पाडायची आणि नुसती हवा पंख्याकडे न्यायची, ही रचना करता येते. राइस मिलमध्ये भुसा वेगळा करायला असं पिंप असतंच, त्यामुळे आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याला ते नवीन नाही. पण त्यात ओढ कमी होते, म्हणजे इंजिन मोठं लागतं, म्हणजे वजन वाढतं, आणि वजन गडग्यावरून उचलून न्यायचं आहे. सकाळच्या दवाने ओला झालेला फणसाचा पाला बारीक नळ्यात अडकतो, म्हणून नळा रुंद हवा. शिवाय कोरड्या पातेऱ्यात तापलेलं इंजिन फिरवणं हाच एक धोका. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी नसेल तर वणवा टाळायला आणलेलं यंत्रच वणवा लावेल.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: पातेरा न्यायचा कुठे? तिकडे तो अंगणाबाहेर घालवायचा असतो. इथे बागेबाहेर घालवला तर बागेचा कस गेला. मला वाटतं इथल्या यंत्राचं काम अंतर कमी करण्याचं आहे. हद्दीवरच्या आठ-दहा फुटांच्या पट्ट्यातला पातेरा आत लोटायचा, म्हणजे आगीला वाट मिळत नाही. तो चुरडून बुंध्याभोवती पण खोडाला न चिकटवता टाकायचा. चुरडलेला पाला लवकर कुजतो आणि ओल धरतो. यासाठी डबा ओढायची गरजच नाही. ब्लोअर, चुरडणारं छोटं यंत्र आणि एक ढकलगाडी एवढ्यात काम होईल. पाच-सहा बागायतदारांनी मिळून घेतलं तर खर्चही वाटला जाईल.

शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आलाय. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला दंडासह बंदी केली, आणि पुण्यात अदिती देवधर यांच्या 'ब्राउन लीफ' उपक्रमाने ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. म्हणजे शहराने पुन्हा तेच शोधून काढलं जे गावाला माहीत होतं: पान कचरा आहे की खत, हे त्याच्या जागेवर ठरतं.

पण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. यंत्र आलं की काम मोजलं जातं, त्याला दर लागतो, आणि बहुतेक वेळा ते काम पुरुषाच्या हातात जातं. ग्रासकटरचं असंच झालं. कोयत्याने बेणणी करणाऱ्या बायकांची रोजंदारी गेली, आणि ग्रासकटर चालवणाऱ्याला जास्त दर मिळाला. पातेऱ्याचं यंत्र येईल तेव्हा ते हलकं, बाईच्या पाठीला झेपणारं, तिच्या नावावर अनुदान मिळणारं असावं, हे आत्ताच म्हणायला हवं. दीडशे वर्षं जिने ते काम फुकट केलं, तिला ते काम पैशाचं झाल्यावर बाजूला सारलं गेलं तर तो हिशेब बरोबर होणार नाही.

या प्रकरणासाठी मी सध्या पातेरा वाहायच्या साधनांची नोंद करते आहे. हारा केवढा, कशाचा, कोण विणायचं, एका तरव्याला किती हारे लागायचे. तुमच्या आजीला किंवा काकीला विचारून बघा. बहुतेक जणींना आकडा पाठ असतो, फक्त आजवर तो कुणी विचारलेला नसतो.